जिथे झाड होतं तिथून

मानाग्वात पत्ता असा सांगतात:
जिथे झाड होतं तिथून तळ्याकडे दोन चौक,
मग वर एक, हिरवं फाटक, कुत्रा चावत नाही.
वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे,
खाली म्हणजे मावळतो तिकडे.
झाड आता नाही.
कधी पडलं यावर दोन पिढ्यांचं एकमत नाही,
पण मोजायला सुरुवात अजून तिथूनच.

येल्बा सेलेदोन औषधांच्या गोदामात
असल्या चार हजार पत्त्यांची फाइल सांभाळते.
तिला त्यांचा राग येतो.
पत्ता कसा, मुळापासून सांगितलेला हवा:
डी, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं,
तिरकी रेघ, येल्बा, तिरकी रेघ, पत्ते.
तुम्ही कुठे उभे आहात, हे विचारायलाच नको.

सोमवारी हिशेबनीस एवेनोर यांना नवा संगणक आला.
त्यातही डी होता, पण तो सीडीच्या खाचेचा.
खाच रिकामी.
प्रोग्रामने आत डोकावून सांगितलं:
मार्ग सापडला नाही.
बाहेर नेमेसियो, मोटारसायकल चालूच,
मागच्या खोक्यात इन्सुलिन, बर्फाचं पाणी होतंय.

येल्बाने अक्षर खोडलं.
लिहिलं, दोन टिंबं, तिरकी रेघ, पत्ते.
म्हणजे एक घर मागे जा, मग पत्ते.
तिच्या टेबलावर चाललं.
एवेनोर यांनी पडद्यावरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली
तर प्रोग्राम भलत्याच अंगणात जागा झाला,
तिथून इमानदारीत एक घर मागे गेला,
आणि पोचला
त्यांच्या नातीच्या बाप्तिस्म्याच्या फोटोंमध्ये.

कुठून मागे? येल्बा पुटपुटली.
हा प्रश्न आजवर तिने फक्त माणसांना विचारला होता.

नेमेसियो आत आला, हेल्मेट काखेत.
छापू नका, म्हणाला, तोंडी सांगा.
एवेनोर यांनी चष्मा कपाळावर चढवला:
जिथे सिनेमा होता तिथून खाली अडीच चौक.
अडीच?
अर्ध्यात वळायचं, नेमेसियो म्हणाला, आणि गेलासुद्धा.
सिनेमा भूकंपात बसला
त्यानंतर पंचवीस वर्षांनी जन्मलेला मुलगा.

दुपारभर ती जुनी माहितीपुस्तिका उलगडत बसली.
त्यात एक गोष्ट होती, बारीक अक्षरात:
डीपुढे टिंबं दिली आणि तिरकी रेघ गाळली
तर यंत्र मुळाशी जात नाही.
त्या ड्राइव्हवर तुम्ही शेवटचे जिथे होता
तिथून चालायला लागतं.
एवढ्याशा रेघेचा फरक.
ती रेघ विसरून तिने किती फाइली कुठे कुठे सोडल्या असतील!

आणि ए, बी कुठे गेले?
फ्लॉपीचे होते ते, एवेनोर म्हणाले,
बोटांनी हवेत चौकोन करून दाखवला.
फ्लॉपी गेली, खाच गेली,
पण नवंकोरं यंत्रही सीपासूनच मोजतं.
जिथे फ्लॉपी होती तिथून वर एक, ते म्हणाले,
आणि एकटेच हसले, खोकला येईपर्यंत.

संध्याकाळी तिसऱ्यांदा लिहिलं:
आधी प्रोग्रामला विचार, तू स्वतः कुठे ठेवलेला आहेस.
हाक कुठून आली ते राहू दे.
तुझ्या दारातून एक घर मागे, मग पत्ते.
चाललं. तिच्या टेबलावर, एवेनोर यांच्या टेबलावर,
पेनड्राइव्हवरसुद्धा, ज्याचं अक्षर
दर खेपेला बदलतं.

नेमेसियो रिकामं खोकं घेऊन परतला.
सोडू का, कुठे राहता?
जिथे झाड होतं, ती म्हणाली, आणि थांबली.
कसलं झाड होतं हो ते?
चिलामातेचं, एवेनोर म्हणाले.
माझी आजी म्हणते झाड नव्हतंच, नेमेसियो म्हणाला,
विजेचा खांब होता, त्यावर वेल.

वाद संपेना तेव्हा तिने हेल्मेट घातलं.
तळ्याकडून वारा येत होता, मासळीच्या वासाचा.
दुसऱ्या चौकात तिला आठवलं,
फाइल बंद करायची राहिली.